दोनशे बारा नंबरची कॅसेट

"आज पण नाही म्हणाल तर मी इथून हलणार नाही," सुगंधा म्हणाली आणि पोलीस चौकीतल्या बाकावर मांडी घालून बसली.

हवालदार तोतारामने कपाळाला हात लावला. "ताई, तुझी ही तिसरी चक्कर. पण कॅसेटी कंपनीचे साहेब तपासताहेत. माझ्या हातात काय? तंबाखू."

चोपड्याहून सकाळच्या एसटीने ती जळगावला आली होती. पदराखाली दोन महिन्यांचं बाळ. गाडीत ते रडून रडून लाल झालं, आणि तिच्या डोक्यात मात्र एकच घोर होता.

पंधरा दिवसांपूर्वी जळगावातल्या लीलाधरच्या कॅसेटच्या दुकानावर धाड पडली. लोक आवडत्या गाण्यांची यादी द्यायचे, लीलाधर कोऱ्या कॅसेटवर भरून द्यायचा. गाण्यांच्या कॅसेटी काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीला ते खपलं नाही. त्यांचे कर्णिकसाहेब पोलीस घेऊन आले आणि दुकानातली एकूण एक कॅसेट उचलली. त्यात सुगंधाची एक होती, दुरुस्तीला दिलेली. तिच्यात गाणं नव्हतं. तिच्यात तिचा नवरा बोलत होता.

हिलाल लग्नाआधीपासून मस्कतला बांधकामावर होता. पत्राचा त्याला कंटाळा. कॅसेट बोलून भरायचा आणि येणाऱ्या माणसाबरोबर धाडायचा. बाळंतपणाआधीच्या कॅसेटींत दर दोन वाक्यांना सुगंधाचं नाव घ्यायचा. बाळ झाल्यावर आलेल्या या कॅसेटीत एकदाही नाही. मुलगा की मुलगी, तेही विचारलं नाही. उलट म्हणे, गुडघ्यांना तेल लावत जा. बाविसाव्या वर्षी कसले गुडघे? तिला इतका राग आला की टेप बंदच करणार होती. तेवढ्यात टेपनेच फीत गिळली.

शेवट राहिला. बाळाचं नाव बाप ठेवणार असं ठरलं होतं, आणि ते शेवटी असणार याची तिला खात्री होती. बारसं अजून व्हायचं होतं. सासूकडे, भिकुबाईंकडे विषय काढला की त्या "करू मागून" म्हणत. कॅसेट वाजत असतानाही त्या गोठ्याकडे निघून गेल्या होत्या. आज निघताना तर वाटच अडवली.

"जाऊ दे व माय, दुसरी कॅसेट येई. पोऱ्या धाकला शे, कोठे फिरस?"

पोटच्या पोराचा आवाज ऐकावासा वाटत नाही, कसली आई ही, असं पुटपुटत ती निघाली होती.

चौकीच्या आतल्या खोलीत कर्णिकसाहेब लीलाधरची वही उघडून एकेका गिऱ्हाइकाला विचारत होते. नंबर, नाव, काय भरून नेलं, कुठल्या कॅसेटीवरून. लीलाधरला सगळं लिहून ठेवायची खोड.

"उखर्डू नाना. एका बाजूला भजनं. दुसऱ्या बाजूला..." साहेबांनी चष्मा वर केला. "लावण्या?"

बाहेर हशा पिकला. म्हातारा लालबुंद झाला. "कॅसेट घ्या, दुकान घ्या! मी काय ऐकतो ते चावडीवर कशाला वाचता? माझे कान पण तुमच्या कंपनीचे का?"

"नाना, दुसरी बाजू मला द्या," तोताराम म्हणाला, आणि पुन्हा हशा.

 सुगंधाची पाळी आली तेव्हा साहेबांनी कॅसेट मशीनमध्ये घातली आणि ती पुढे झाली.

"मोठ्यानं नका लावू."

"बाई, ऐकल्याशिवाय गाणं आहे की नाही कसं कळणार?"

"आवाज बाळाच्या बापाचा आहे. नवरा-बायकोचं बोलणं सगळ्या चौकीला ऐकवायचं? तुमच्या घरचं ऐकवाल?"

साहेबांनी सुस्कारा टाकला आणि कानाला हेडफोन लावला. फीत फिरू लागली. हळूहळू त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी मागे नेऊन पुन्हा ऐकलं.

"गाणं नाही. पण ही कॉपी आहे. दर वाक्यानंतर मागची खरखर बदलते. तुकडे जोडलेत."

"कॉपी कशी असेल? माणूस एक, त्याचं बोलणं एक." तिचा आवाज चढला. "तुम्हाला सगळ्यात चोरीच दिसते का हो?"

कॅसेटवर लीलाधरने चिकटवलेला आकडा होता, दोनशे बारा. साहेबांनी वहीची पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं, आणि बोट तिथेच राहिलं.

"बाळ केवढं आहे?" त्यांनी विचारलं.

"दोन महिन्यांचं."

"अंगावर पितं?"

"मग काय चहा पितं?"

साहेबांनी कॅसेट काढली, डबीत घातली. समोरच्या कागदावर दोनशे बारापुढे लिहिलं: मूळ कॅसेट, परत केली.

"चुकलं माझं. ओरिजिनल आहे. न्या."

"हेच पहिल्या चकरेत म्हणायला काय झालं होतं?" तिने डबी पदरात बांधली. दारापर्यंत गेली आणि वळली. "शेवटी त्यांनी नाव सांगितलं का हो? बाळाचं?"

साहेबांनी मशीनची वायर गुंडाळायला घेतली. "शेवटी फीत खराब झालीय. नीट लागत नाही."

"म्हणजे पुन्हा वाट पाहणं आलं." ती वैतागून म्हणाली. "धाडेल तेव्हा धाडेल. पुढच्या कॅसेटीत चांगली खरडपट्टी काढते."

बाळाला खांद्यावर थोपटत ती उन्हात उतरली.

"साहेब, कॉपी म्हणत होता ना?" तोतारामने विचारलं.

साहेबांनी वही त्याच्यापुढे सरकवली.

'२१२. भिकुबाई, चोपडा. मयत मुलाने लग्नाआधी आईस धाडलेल्या जुन्या कॅसेटींतून "आई" शब्द काढून, तुकडे नवीन कॅसेटवर जोडणे. सून ओली बाळंतीण आहे, तिला कळू देऊ नये.'