डाव्या हाताचं प्लास्टर

सणाच्या गोल पावात लपवलेली बाहुली नेमकी माझ्या बहिणीच्या, ओर्तेन्सियाच्या तुकड्यात निघाली. आमच्या मेक्सिकोतल्या पुएब्लात बाहुली ज्याला सापडते, त्यानं दोन फेब्रुवारीला अख्ख्या गोतावळ्याला तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, करून घालायचे. आता हिला फायब्रोमायल्जिया, अंगभर दुखण्याचा आजार. नुसतं बोट लावलं तरी कळ जाते, आणि रिपोर्ट मात्र सगळे ठणठणीत! तिची सासू म्हणाली, "काम दिसलं की हिचं अंग दुखतं. एवढं मक्याचं पीठ काय मी मळू?"

मी पडलो प्लास्टरच्या साधुसंतांच्या मूर्ती ओतणारा. म्हटलं, "ताई, कुठला हात देतेस बोल, गंमत करू." तिनं जरा विचार केला आणि डावा पुढे केला. कोपरापर्यंत झकास प्लास्टर चढवलं आणि ताई जिन्यावरून पडली अशी आवई उठवली.

अहो, सासू गपचूप पीठ मळायला बसली! नणंदेनं पाठीला उशी दिली, पोरांनी प्लास्टरवर फुलं काढली. येईल तो पाहुणा डावा हात सांभाळून ताईचा उजवा खांदा मायेनं दाबायचा. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं. मग सासू सगळ्यांना सांगायची, "बघा, याला म्हणतात खरं दुखणं!"

मी पोट धरून हसत ताईच्या कानाशी गेलो. "काय अक्कल लढवलीस! डावाच हात बरा सुचला तुला?"



ती म्हणाली, "अख्ख्या अंगात न दुखणारी तेवढीच एक जागा होती रे."