दातखिळी

सकाळपासून जो येतोय तो जीभ चावूनच येतोय. मी मुकाट टाके घालतोय, कुणाला काही विचारत नाही. काल दवाखान्यासमोर दोन गटांत जुंपली आणि कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याला दगडांनी ठेचून मारलं. तेव्हापासून अख्ख्या गल्लीची दातखिळी बसली आहे.

मग सायकलवाल्याचे वडील आले. तोंड रक्ताने भरलेलं. चूळ भरायला लावली, तर जिभेवर दातांची खोल, अख्खी कमान उमटलेली.

"आजोबा, कवळी कुठंय तुमची?"

"कवळी केलीच नाही कधी. तोंडात एक दात नाही माझ्या."

"मग हे चावलं कुणी?"

"पोराला कुणी मारलं ते सांगायला पोलिसांपुढे तोंड उघडलं, तेवढ्यात..." ते माझ्याकडे टक लावून बघत राहिले. "तुमच्या खिडकीतून दिसलं असेल ना, डॉक्टर?"

दिसलं होतं. पहिला दगड माझ्या मेव्हण्याने उचलला होता.

म्हटलं, फार झालं, आता सांगूनच टाकायचं. मी मास्क खाली ओढला.

"आजोबा, तो माझा..."

घशातून गार दातांची एक रांग वर सरकली, माझ्या जिभेवर अलगद टेकली आणि पुढच्या शब्दाची वाट बघत थांबली.