नववी चिठ्ठी

भावाचं पत्र आलं तेव्हा मोशे अजून मिसरातून निघाला नव्हता. आज ते पत्र पौलापर्यंत पोचलं होतं.

निवृत्त ग्रंथपाल रोज सकाळी चहाबरोबर पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, तीन अध्याय मोठ्याने वाचत आणि खूण म्हणून ते पत्र पानात घालत. डोळ्यांसमोर राहील, म्हणजे उत्तर द्यायचं विसरणार नाही, असा हिशेब. अकरा महिने ते डोळ्यांसमोर होतं. या काळात वाचन एक दिवसही चुकलं नाही. संपूर्ण शास्त्र वाचायची ही त्यांची बत्तिसावी वेळ.

पत्र चारच ओळींचं. 'दादा, सहा वर्षं राग धरला. आता धरवत नाही. डोळे अधू होत चाललेत, डॉक्टर म्हणतात जेमतेम वर्षभर दिसेल. वाचता येतंय तोवर तुझ्या हातच्या दोन ओळी पाठव.'

सहा वर्षांपूर्वी भाऊ प्रार्थनासभेत साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, आयुष्यात पहिल्यांदाच उभा राहिला होता. गॅरेजमध्ये हात काळे करणारा माणूस, बोलण्याची सवय नाही. त्याने एका संदेष्ट्याचे शब्द दुसऱ्याच्या तोंडी घातले. पहिल्या बाकावरून ग्रंथपालांनी चूक सुधारली. मनात काही नव्हतं; चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक उचलून जागेवर ठेवावं, तितक्याच सहजपणे. मागे कोणीतरी हसलं. भाऊ वाक्य अर्धं टाकून खाली बसला. पुढे त्याने गावच बदललं.

उत्तर लिहायला ग्रंथपाल सात वेळा बसले होते. तिसऱ्या ओळीला पत्राचं प्रवचन व्हायचं. कागद फाडायचा, आणि उद्या नीट लिहू म्हणायचं.

"बाबा, एक चिठ्ठी द्या ना लिहून," सून डबा भरता भरता म्हणाली. ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायची. सासऱ्यांच्या वळणदार अक्षरातलं एखादं वचन एप्रनच्या खिशात ठेवायची आणि दिवसभर मनात घोळवायची. वाफेने कागद मऊ पडला की नवा मागायची.

"आज कुठलं देऊ?"

"तेच."

"अजून तिथेच अडकलीस?" ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिलं. "अगं, येशूचं डोंगरावरचं प्रवचन आपण सव्वा महिन्यापूर्वीच मागे टाकलं! आठ वेळा लिहून दिलंय मी तुला ते."

"तुम्ही टाकलंत मागे. मला नाही जमत." तिने डब्याचं झाकण दाबलं. "चादरीची घडी दोघींनी घालायची असते, बाबा. दोन कोपरे माझ्या हातात, दोन माझ्या जोडीच्या बाईच्या. दिवसातून दोनशे वेळा मी तिच्यासमोर जाते, माझे कोपरे तिच्या हातात देते. आणि सगळ्यांच्या देखत मी तिला कामचोर म्हणाले होते, त्याबद्दल तोंडातून शब्द फुटत नाही. मग पुढचं कुठल्या तोंडाने वाचू?"

ग्रंथपालांनी नववी चिठ्ठी लिहिली. वेदीपाशी अर्पण आणलंस, आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव. आधी जा, त्याच्याशी समेट कर. अक्षर नेहमीसारखं मोत्यासारखं आलं. शाई वाळली. त्यांनी खूण पानात घातली आणि पुस्तक मिटलं.

संध्याकाळी सून आली ती दारातूनच हसत. डोळे मात्र सुजलेले.

"बोलले!" ती म्हणाली. "काय बोलायचं ते ठरवून गेले होते, ऐनवेळी सगळं विसरले. नुसतं 'चुकलं माझं' म्हणाले. ती रडली, मग मी रडले. धुतलेली चादर दोघींनी भिजवून ठेवली, पुन्हा वाळत घालावी लागली. मुकादमीण ओरडली ते वेगळंच." तिने खिशातून चोळामोळा झालेली चिठ्ठी काढून त्यांच्या हातात ठेवली. "घ्या. आता द्या पुढचं वचन."

ग्रंथपालांनी कौतुकाने मान हलवली आणि पुस्तक उघडलं. खूण हातात आली. एका हातात भावाचं पत्र, दुसऱ्या हातात स्वतःच्या हातची चिठ्ठी. त्यांनी एकदा हा कागद वाचला, एकदा तो.

"बाबा? काय झालं?"

"उद्या देतो," ते म्हणाले.

सकाळी त्यांनी पुस्तक उघडलं नाही. कोरा कागद घेतला, नातीची जाड रंगीत पेन्सिल घेतली आणि अधू डोळ्यांना वाचता येतील अशी बोट बोट उंचीची अक्षरं काढली. ती मोत्यासारखी नव्हती. 'सगळ्यांसमोर तुला खाली बसवलं. चुकलं माझं. तुझी साक्ष अर्धी राहिली आहे, ती ऐकायला रविवारी येतो. दादा.' कागद तेवढ्यातच भरला. प्रवचनाला जागाच उरली नाही.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपाशी ते पोचले तेव्हा कामावर निघालेली सून त्यांना बघून थबकली. इतक्या वर्षांत या वेळेला तिने त्यांना घराबाहेर पाहिलं नव्हतं.

"बाबा, तुम्ही इथे? आजचे तीन अध्याय झाले वाचून?"

"नाही गं. एका वचनावर अडकलो," ग्रंथपाल म्हणाले, आणि त्यांनी पाकीट पेटीत सोडलं.