नेहमीचा सोडून

"बघ, हलतोय का हात? अगं, बघ की!"

मास्टरांनी काठोकाठ भरलेला पेला तळहातावर धरला होता. एक थेंब सांडला नाही. लेकीनं नुसतं "हं" केलं आणि शेंगा सोलत राहिली.

चाळीस वर्षं किल्ल्या घासल्या, म्हणून अख्खा बाजार त्यांना मास्टर म्हणायचा. पण तीन महिने झाले, दुकान बंद. हात थरथरतात, एवढंच कारण लेकीनं दिलं होतं. आज संध्याकाळी शेजारचा घड्याळवाला येऊन दुकानाचा ताबा घेणार होता.

"ठके, पाया पडतो तुझ्या," मास्टरांचा आवाज चिरकला. "दुकान गेलं की मी गेलोच समज. घरात बसून बसून भिंतींनासुद्धा माझा वीट आलाय."

"बाबा, भलतंसलतं बोलू नका."

आल्या आल्या तिनं दाराला आतून कुलूप घातलं होतं आणि किल्ली टेबलावर टाकली होती. गल्लीत चोऱ्या वाढल्यात, असं ती म्हणायची. मास्टरांनी ती किल्ली उचलली आणि एकदम खुलले.

"पैज लाव! आपला दुकानातला खेळ."

गिऱ्हाईक नसलं की बापलेक हाच खेळ खेळत. समोरची एखादी वस्तू घ्यायची आणि तिचे चित्रविचित्र उपयोग शोधायचे. तेव्हा स्टुलावर बसलेल्या ठकीचे पाय जमिनीला टेकत नसत.

"हिचे दहा उपयोग सांगतो. सांगितले, तर दुकान द्यायचं नाही. नेहमीचा सोडून हं! नेहमीचा काय, शेंबडं पोरही सांगेल."

लेकीचा हात थांबला. "लावली."

"पाठ खाजवायची. डब्याचं झाकण उचकटायचं. पाकीट फोडायचं. पुस्तकात खूण म्हणून घालायची. दोऱ्याला बांधून भिंत सरळ आहे का बघायचं. पोकळ दांडीची असेल तर शीळ वाजवायची. किती झाले?"

"सहा."

"पडद्याच्या कडेत शिवायची, वाऱ्यानं उडत नाही. घोरणाऱ्याच्या कुशीत टोचायची. ओल्या मातीवर नक्षी उठवायची."

नऊ झाले आणि गाडी अडली. मास्टरांच्या कपाळावर घाम आला. ते किल्ली उलटीसुलटी करत राहिले. एका उपयोगापायी सगळा जन्म हातचा जाणार, या विचारानं त्यांना रडूच यायला लागलं.

मग ते हळूच म्हणाले, "बायको रुसली की तिच्या हातावर ठेवायची. तुझी आई हसायची मग."

लेकीनं पदरानं डोळे टिपले. "झाले दहा."

"जिंकलो!"

"बाबा, आता नेहमीचा सांगा."

"वा गं वा! पैजेत होतं का ते? हरलीस की लागलीच रडीचा डाव!"

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. एवढं भराभर तर तिलाही सुचलं नसतं. आपणच तर उगाच घाबरलो नाही ना? तिनं घड्याळवाल्याला फोन लावला. "आज येऊ नका," ती म्हणाली, "आमचं द्यायचं रद्द झालंय."

मास्टरांना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी टोपी चढवली, दुकानातला जुना डगला अंगात घातला.

"व्हा पुढे," लेक हसत म्हणाली. "दार उघडा, मी चपला घालते."

मास्टर किल्ली घेऊन दाराशी गेले. दार ओढलं. उघडेना. कुलपाकडे पाहिलं, स्वतःच्याच हातानं बनवलेल्या कुलपाकडे. मग हातातल्या किल्लीकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"ठके, अकरावा सुचला!" असं म्हणून ते किल्लीच्या दांडीनं दारावर टकटक करू लागले. "अहो, बाहेर आहे का कुणी? जरा दार उघडता का?"