खिडकीतून आलेली वायर

“आज या खोलीत इतिहास घडणार आहे,” रेकॉर्ड काढायला पैसे घालणारा लॅसेल्स मरे म्हणाला आणि त्या प्रसंगाला शोभेल अशा थाटात खुर्चीवर बसला. खुर्चीचा पाय निघाला.

किंग्स्टनमधल्या एका रंगाच्या दुकानामागची ती खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकले होते. मधल्या काचेपलीकडे, कानांवर हेडफोन चढवून, फर्डी टलक उभा होता. आठवडाभर तो सायकलींना रंग द्यायचा. शनिवारी वस्तीतल्या नाचाच्या अंगणात मात्र ‘मेजर टलक’ व्हायचा. पलटणीचं तोंडही त्यानं कधी पाहिलं नव्हतं. रेकॉर्ड दुसरा कोणी लावायचा आणि तिच्यावर फर्डी मायकातून बोलायचा. चिमटे, यमकं, आल्यागेल्याची विचारपूस. नऊ वर्षं बोलत होता आणि रविवारी सकाळी त्यातला एक शब्दही उरत नव्हता. आज पहिल्यांदा त्याचं बोलणं रेकॉर्डवर चढायचं होतं. साडेतीन वाजले होते. चारला खोली एका चर्चच्या गायकमंडळींना दिलेली होती, आणि ती मंडळी देवाच्या कामाला कधीच उशीर करत नसत.

यंत्रावर बसलेल्या सिबर्टनं टेप सोडली. एका जुन्या गाण्यातून गायकाचा आवाज काढून टाकलेला. मागं राहिले नुसते ढोल आणि बास गिटार. मैदान मोकळं होतं. फर्डीनं तोंड उघडलं आणि अडीच मिनिटं तसंच उघडं ठेवलं.

“दाताच्या डॉक्टरकडं आलायस का रे, मेजर?” सिबर्टनं विचारलं.

“समोर कोणी नाही,” फर्डी म्हणाला.

“मग?”

“मग बोलू कोणाशी? अंड्यांच्या पुठ्ठ्यांशी?”

दुसऱ्या खेपेला तो “बंधूंनो आणि भगिनींनो” म्हणाला, चारी भिंतींकडं बघितलं आणि माफी मागून गप्प झाला.

लॅसेल्सनं घड्याळ पाहिलं. एकाच खेपेपुरता वेळ उरला होता. “याला माणूस लागतं,” असं पुटपुटत तो बाहेर गेला आणि फाटकाशी तळलेली मासळी विकणाऱ्या मिस आयसिल्डांना टोपलीसकट घेऊन आला. बाई साठीच्या, विधवा (वस्तीत लग्न झालेल्या मोठ्या बाईलाही ‘मिस’च म्हणत), चर्चच्या पहिल्या बाकावरच्या. शनिवारच्या नाचाला त्या ‘तो गोंगाट’ म्हणत. पण गोंगाटालाही भूक लागते म्हणून दर शनिवारी तिथं हजर असत.

“मी काय करायचं?”

“काही नाही. फर्डीच्या समोर उभं राहायचं.”

“इतकं सोपं काम मला आजवर कोणी दिलं नव्हतं,” बाई म्हणाल्या आणि संशयानं आत शिरल्या.

टेप फिरू लागली. नाचाच्या अंगणात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला नाव घेऊन ‘आलात, बरं केलंत’ म्हणायचं, ही फर्डीची रीत. बाई दिसल्या आणि त्याची जीभ आपोआप सुटली.

“आलात का मिस आयसिल्डा? आलात, बरं केलंत! वाट द्या रे बाईंना, वाट द्या! आणि हा कोण? सुताराचा ऑर्विल! बायकोचं कपाट मोडून मला स्पीकरचा खोका करून दिलास, आणि बायको गेली माहेरी! परत आली का रे? आली, आली, नाचायला आली! हवालदारसाहेब, या! नाच बंद करायला आलात आणि बूट झिजेस्तोवर नाचलात, तुमचेही आभार!”

खोलीत यातलं दुसरं कोणीही नव्हतं, तरी मिस आयसिल्डांनी एकदा मागं वळून पाहिलं.

“आणि ऑस्बर्न! असशील तिथून ऐक, ऑस्बर्न! पहिल्या शनिवारी अंगणात वीज नव्हती, तू घरातून वायर सोडलीस. तुझ्या खिडकीतून वायर आली, म्हणून माझ्या तोंडातून आवाज आला! थँक्यू, ऑस्बर्न! थँक्यू, थँक्यू!”

शेवटच्या ‘थँक्यू’वर ढोल थांबले. ठरवूनही इतकं नेमकं जमलं नसतं.

ऑस्बर्न म्हणजे मिस आयसिल्डांचे यजमान. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती.

सिबर्ट टेप बंद करायला विसरला. लॅसेल्स भिंतीकडं तोंड करून पुठ्ठे मोजू लागला. त्याला नाक शिंकरायचं होतं. फर्डीनं हेडफोन काढले.

“कसं झालं, मिस आयसिल्डा?” त्यानं विचारलं.

बाई काचेतून त्या फिरणाऱ्या टेपकडं बघत होत्या. “हे राहणार?”

“राहणार. मी मेल्यावरही.”

“दुकानातून वाजेल? रस्त्यावर ऐकू येईल?”

“अख्ख्या किंग्स्टनला.”

“चर्चच्या लोकांनाही?”

“त्यांनी कान झाकले तरी.”

दारावर थाप पडली. बाहेर गायकमंडळी घसा साफ करत होती. सिबर्ट टेप गुंडाळायला उठला. मिस आयसिल्डांनी टोपली खाली ठेवली, एप्रनला हात पुसले आणि दाराची कडी आतून लावली.

“मग पुन्हा घे,” त्या म्हणाल्या. “ते तुझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे होते. मिस्टर ऑस्बर्न म्हण.”