बोटाची पारख

दादाने डोळे मिटले आणि जुना ऑईल पंप मांडीवर घेतला. झाकण आधीच काढलेलं होतं. उजव्या हाताचं पहिलं बोट त्याने आतल्या दोन्ही गिअरांवरून हळूच फिरवलं. गाडीचे मालक श्वास रोखून बघत होते. गाडी त्यांच्या आजोबांच्या वेळची, इंजिन पार खोलून टेबलावर मांडलेलं, आणि प्रश्न एवढाच होता की त्यातलाच जुना पंप परत बसवायचा, की मालकांनी मागवलेला डब्यातला नवा कोरा.

"जुनाच बसवा," दादा म्हणाला. "नव्याची नुसती चमक असते. हा मुरलेला माल आहे."

मालकांना पटलं आणि नाहीही पटलं. पंपाने तेल वर चढवलं नाही तर इंजिन दोन कोसांत जाम होतं, एवढं त्यांनाही कळत होतं. पण दादाच्या बोटापुढे बोलायचं कुणी? त्या बोटाचं नाव लांबवर झालेलं. गेजची पाती घालून फट मोजणाऱ्यांना दादा हसायचा. त्याच्या गॅरेजात गेज चालत नसे. धाकटा भाऊ सव्वीस वर्षं त्याच्या हाताखाली होता, आणि त्याच्यावरचा दादाचा विनोद ठरलेला होता. तो आजही झाला. ह्याला काही विचारू नका हो, ह्याची बायकोसुद्धा मीच पारखून आणली. मालक हसले. धाकटाही हसला. तो नेहमीच हसायचा.

पण धाकट्याला एक गोष्ट ठाऊक होती. दोन महिन्यांपूर्वी दादाच्या त्याच बोटात लोखंडाची कपची घुसली, रक्त मनगटापर्यंत आलं, आणि दादा आपला बोलतोय तर बोलतोय, त्याला पत्ताच नाही. बोटं मेली होती. साखर म्हणा, वय म्हणा. दुसऱ्या कुणाला सख्ख्या भावाची दया आली असती, त्याने डॉक्टरकडे चल म्हटलं असतं, निदान वहिनीच्या कानावर तरी घातलं असतं. धाकट्याने चकार शब्द काढला नाही. वेळेला उपयोगी पडेल म्हणून त्याने ती गोष्ट जपून ठेवली.

आणि काल दादा जेवायला घरी गेला, तेव्हा त्याने चोरून ठेवलेलं गेज काढून दोन्ही पंप मोजले होते. जुना अस्सल निघाला, आणखी वीस वर्षं तेल ओढेल असा. नव्यातली फट जवळजवळ दुप्पट, म्हणजे तेल वर चढणं कठीणच. डबा मात्र देखणा होता.

म्हणजे दादा बरोबर होता. मेल्या बोटाने त्याला काही सांगितलं नव्हतं, सवयीने बोलून गेला होता, पण होता बरोबर. धाकट्याला राग आला तो त्याचाच.

त्याने सुचवलं की मागे भंगारातल्या इंजिनाचाही एक पंप पडलाय, झाकण काढून तोही आणतो, दादाने दोन्ही बघावेत, मालकांच्या मनात शंका नको. मालकांना हे आवडलं. दादा तर खूशच झाला. चार माणसांसमोर डोळे मिटायला त्याला केव्हाही चालायचं. त्याने हात पुढे केले आणि मिटले डोळे.

धाकट्याने त्याच्या मांडीवरचा पंप उचलला. पावलं वाजवत मागच्या फळीपर्यंत गेला, जरा खुडबुड केली, पावलं वाजवत परत आला. येताना मालकांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. आणि तोच पंप दादाच्या हातात दिला.

दादाने या खेपेला बोट जास्त वेळ फिरवलं. मग तोंड वाकडं केलं.

"हा फेकून द्या. गिअर पार झिजलेत, नख जाईल एवढी फट आहे. हा बसवलात तर इंजिन गेलंच म्हणून समजा."

मालक हसायला गेले, पण ते त्यांना जमलं नाही. दादाने डोळे उघडले. मालकांचं तोंड बघितलं, भावाचं बघितलं, मग टेबलावर पहिला पंप शोधला. तो तिथे नव्हता. हातातल्या पंपावरचा नंबर त्याने वाचला, तो मघाच्याच पंपाचा होता, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

मालक दादाकडे न बघता धाकट्याला म्हणाले, नवाच बसवा. घरी अजून तीन जुन्या गाड्या आहेत, त्यांचंही आता तुम्हीच बघा. निघताना मात्र त्यांनी दादाला वाकून नमस्कार केला, थकल्या म्हाताऱ्याला करतात तसा.

दोघेच उरले. आता शिव्या येणार, पाना भिरकावला जाणार, अशी धाकट्याची तयारी होती. तसं काही झालं नाही. बोटांबद्दलही दादा काही बोलला नाही. तो पंप मांडीवर घेऊन बसला, आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने धाकट्याला काहीतरी विचारलं.

"खरं सांग. मी पहिल्यांदा बरोबर होतो, की दुसऱ्यांदा?"

एका शब्दाचं काम होतं. तो शब्द देऊन धाकट्याचं काहीच जाणार नव्हतं, जिंकून तर झालंच होतं. त्याने भावाच्या डोळ्यांत नीट बघितलं.

"दुसऱ्यांदा," तो म्हणाला. "तुझं पहिलं ऐकलं असतं तर इंजिन गेलं असतं."

दादाने मान हलवली. बरं झालं, वाचलं, असं काहीतरी पुटपुटला. मग उठला, पंप दोन्ही हातांत घेऊन भंगाराच्या पिंपापाशी गेला आणि हात पिंपावर धरून उभा राहिला. पंप हातातून सुटला, हे त्याला तो तळाशी वाजला तेव्हा कळलं.