फक्त डाव्या चॅनलवर

कौस्तुभ दाबके यांच्या दोन्ही कानांत यंत्रं होती आणि कानात पडणारा आवाज फोनवरून हवा तसा करून घेता यायचा. त्यांची बायको शर्वरी जेवताना, टीव्हीपुढे, झोपताना कायम त्यांच्या डावीकडे. म्हणून आवाजातलं म्हातारपण काढून टाकणारा इफेक्ट त्यांनी फक्त डाव्या चॅनलवर लावला होता. उजवा कान रस्त्यावरच्या हॉर्नसाठी जसाच्या तसा ठेवला होता. दोन वर्षं त्यांना बायको तिशीतली ऐकू येत होती, आणि त्यांची काही तक्रार नव्हती.

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला घरी सत्यनारायण घातला. पूजेला बायको उजवीकडे बसते, तशी गुरुजींनी शर्वरीला बसवलं.

"वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा."

"अहो, जरा थांबायला सांगा ना त्यांना. दम लागतोय मला."

दाबक्यांनी दचकून उजवीकडे पाहिलं. शब्दाशब्दाला धाप होती आणि श्वासामागे बारीक शिट्टी वाजत होती.

"हे कधीपासून?"

"दिवाळीपासून सांगतेय," शर्वरी म्हणाली. "तुमचं आपलं एकच, आवाज तर ठणठणीत आहे की तुझा."